चिठ्ठी हातात आहे की पुस्तक? ग्रंथालयाचं ई-पुस्तक संगणकावर उघडत नाही तेव्हा

मागच्या हिवाळ्यात आई कॅनडात माझ्याकडे राहायला आली होती. बाहेर बर्फ, दिवस लहान. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयाच्या माझ्या कार्डावर तिच्यासाठी एक कादंबरी घेतली, लॅपटॉपवर उतरवली आणि कामाला गेलो. संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, पुस्तकाचं नाव दिसतंय, लेखिकेचं नाव दिसतंय, पण बाकी सगळे नुसते कंस आणि आकडे." संगणकाने विचारलं होतं की फाइल कशाने उघडू, आणि तिने नोटपॅड निवडलं होतं.

तिने जे पाहिलं ते अगदी बरोबर होतं. उतरलेली फाइल एसीएसएम होती, आणि एसीएसएममध्ये पुस्तक नसतंच.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाता येत नसे. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि आपला सभासद क्रमांक लिहून ती काउंटरवर द्यायची, मग शिपाई आतून पुस्तक काढून आणायचा. एसीएसएम म्हणजे ती चिठ्ठी. पुस्तक कोणतं, ते कुठल्या सर्व्हरवर आहे, व्यवहाराचा क्रमांक काय आणि ही चिठ्ठी कधीपर्यंत चालेल, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. शिपायाचं काम करतो ॲडोबी डिजिटल एडिशन्स हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम. तो चिठ्ठी वाचतो, सर्व्हरकडे जातो आणि खरं पुस्तक आणतो. ते बहुतेकदा ईपब, म्हणजे ई-पुस्तकांसाठीच्या खास प्रकारची फाइल असतं, कधी पीडीएफ.

दोन्ही फाइलींवर पुस्तकाचं नाव असू शकतं, म्हणून घोळ होतो. ओळखायचं कसं? फाइलीचा आकार बघा. चिठ्ठी जेमतेम एक-दोन केबीची असते. कादंबरीचं ईपब शेकडो केबींचं किंवा काही एमबींचं. विंडोजमध्ये फाइलीच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं, त्यामुळे नावापेक्षा आकारावर विसंबावं हे बरं. दुसरी खूण म्हणजे जागा. चिठ्ठी 'डाउनलोड्स'मध्ये पडते. आणलेलं पुस्तक विंडोजवर 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'माय डिजिटल एडिशन्स' या फोल्डरमध्ये जातं.

चिठ्ठीचं नाव बदलून शेवटी 'ईपब' लिहिण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. त्याने काही होत नाही, कारण आत पुस्तकच नाही. चिठ्ठी ईमेलने दुसऱ्या कुणाला पाठवूनही उपयोग नाही. ती ज्या ॲडोबी आयडीने, म्हणजे ॲडोबीकडच्या ज्या खात्याने, पहिल्यांदा वापरली जाते त्या आयडीशी बांधली जाते.

यापुढे तक्रारींचे दोन गट आपोआप वेगळे होतात, आणि ते वेगळे ठेवले की निम्मा वेळ वाचतो.

चिठ्ठीच्या तक्रारी पुस्तक येण्याआधीच्या. संदेशात 'रिक्वेस्ट एक्स्पायर्ड' असे शब्द असतील तर चिठ्ठीची मुदत संपली आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आपल्या घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत जाऊन तीच फाइल पुन्हा उतरवा. जुनी वारंवार उघडत बसू नका. नवी चिठ्ठीही तेच सांगत असेल तर संगणकाचं घड्याळ बघा. तारीख किंवा टाइम झोन चुकीचा असला तरी हाच संदेश येतो, आणि भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर ही शक्यता आधी तपासावी. 'ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर' असं आलं तर ही चिठ्ठी आधी दुसऱ्या आयडीवर वापरली गेली आहे. घरात दोघांचे दोन आयडी असले की हे हमखास घडतं. मूळ आयडीनेच पुढे जावं लागतं.

त्यासाठी संगणकाचा जुना अधिकार, म्हणजे आधीच्या आयडीशी असलेली त्याची जोडणी, काढावा लागतो: डिजिटल एडिशन्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), मग 'हेल्प'मधल्या 'ऑथराइज कॉम्प्युटर'मध्ये योग्य आयडी भरा. त्याच खिडकीत आयडीशिवाय पुढे जाण्याची सोयही असते. मी ती घेऊ नये असंच सांगेन. तशी आणलेली पुस्तकं त्या एका संगणकातच अडकतात. एका आयडीवर 6 संगणक चालतात, म्हणून जुना लॅपटॉप देऊन टाकण्याआधी त्याचा अधिकार काढून घ्या.

पुस्तकाच्या तक्रारी वेगळ्या. ईपब व्यवस्थित आलं आहे, आकारही बरोबर आहे, पण कॅलिबर किंवा ॲपल बुक्ससारखा ई-पुस्तकांचा दुसरा प्रोग्रॅम ते उघडत नाही. फाइल खराब झाली असं वाटतं. प्रत्यक्षात तिला कुलूप असतं. ईपब ही मुळात एक झिप फाइल, आत वेब पानांसारखी प्रकरणं. ग्रंथालयाच्या प्रतीत ही प्रकरणं सांकेतिक रूपात बंद असतात, आणि किल्ली तुमच्या आयडीने अधिकार दिलेल्या प्रोग्रॅमकडेच असते. म्हणून ते डिजिटल एडिशन्समध्येच उघडा. लिनक्ससाठी हा प्रोग्रॅम निघालेला नाही. तिथे ब्राउझरमध्येच वाचण्याची सोय ग्रंथालय देतं का ते पाहावं. लिबी या ग्रंथालयांची ई-पुस्तकं देणाऱ्या सेवेवर घेतलेल्या अनेक पुस्तकांना ती असते, आणि मग चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही.

काल उघडत होतं, आज नाही, असं झालं तर मुदत संपली आहे. फाइल फोल्डरमध्ये दिसत राहते, पण किल्ली चालत नाही. पुन्हा घ्यायचं तर नव्याने रांगेत, नव्या चिठ्ठीसह.

इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत. त्यांची पीडीएफ सरळ उतरते, ना चिठ्ठी ना कुलूप, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. आईने उरलेला हिवाळा त्यांतच घालवला.

तिची ती कादंबरी मात्र आठ दिवसांत वाचून झाली, मुदत एकवीस दिवसांची होती. एकदा डिजिटल एडिशन्सने पुस्तक आणलं की ते लवकर परतही तिथूनच करायचं असतं: पुस्तकावर राइट क्लिक, 'रिटर्न बॉरोड आयटम'. नुसती फाइल पुसली तर ग्रंथालयाच्या लेखी पुस्तक तुमच्याकडेच राहतं, आणि रांगेतला पुढचा वाचक मुदत संपेपर्यंत थांबतो.