टाके पडलेत म्हणून आंबट बंद, मासे बंद?

कुणाचंही ऑपरेशन झालं की आमच्याकडे पहिलं फर्मान सुटतं ते जेवणाचं. "आंबट खाव नको, मासे खाव नको, पू धरतलो." अपेंडिक्स असो, सिझर असो, आणि आता तर नात्यातल्या एक काकू मुंबईत नेक लिफ्ट करून, म्हणजे मानेची लोंबलेली कातडी ताणून घ्यायची प्लास्टिक सर्जरी, कुडाळला विश्रांतीला आल्या तर त्यांच्याही ताटात नुसता मऊ भात आणि मुगाचं वरण. आणि हे ऐन एप्रिलमध्ये, परसात काजूच्या बोंडांचा सडा पडलेला, कैऱ्या लगडलेल्या, दारात बांगडेवाली रोज हाक मारून जातेय. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर प्रोटीन भरपूर घ्या असं स्पष्ट लिहिलंय, तरी बांगडा बंद तो बंदच. जखम भरायला शरीराला जे लागतं नेमकं तेच आपण काढून घेतो, आणि तेही प्रेमाने, काळजीपोटी, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

या ऑपरेशनात काय करतात ते आधी थोडक्यात. हनुवटीखाली एक छोटी चीर घेतात, दुसरी चीर कानाच्या पुढून, पाळीखालून वळवून मागे केसांपर्यंत नेतात, मग मानेची कातडी खालच्या थरापासून सुटी करतात. तिच्याखाली प्लॅटिझ्मा नावाचा पातळ पसरट स्नायू असतो, आरशासमोर दात आवळून मान ताठ केली की मानेवर ज्या उभ्या पट्ट्या उमटतात तो हाच. तो मधोमध टाके घालून शिवतात, नको असलेली चरबी काढतात, जास्तीची कातडी कापतात आणि उरलेली अलगद बसवतात. ताण घ्यायचा तो आतल्या स्नायूने, वरच्या कातडीने नाही, कातडीवर ताण आला की व्रण रुंद होतो. हे ऑपरेशन हौस आहे की गरज आहे यावर गावात बरीच चर्चा होते, ती मला करायची नाही, जखम ही जखम असते आणि शरीर ती का झाली ते विचारत नाही.

चीर दिल्यावर काही मिनिटांत रक्त गोठतं, पुढचे दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात (सूज याच काळात सगळ्यात जास्त असते, घाबरायचं नाही), आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे येऊन कोलॅजेन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारं प्रथिन, बनवायला घेतात. खरी गंमत इथून पुढे आहे.

कोलॅजेनचा एक रेणू म्हणजे प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बनलेली तिपेडी दोरी, आपल्याकडे नारळाच्या सोडणाचा सुंभ वळतात तशी. ही तिपेडी रचना शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासोबत मद्रासला १९५४-५५ मध्ये मांडली, आणि त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे क्ष-किरण फोटो वापरले होते. आपल्या देशात बसून केलेलं इतकं मूलभूत काम आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नावही नसतं याचं मला फार वाईट वाटतं. तर या प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल, म्हणजे साखळीचा दर तिसरा दुवा, ग्लायसिन असतं, कारण तिन्ही साखळ्या आत जिथे एकत्र येतात तिथे जागाच एवढी कमी की सगळ्यात लहान ग्लायसिन सोडून दुसरं काही मावत नाही. उरलेल्या जागांवर प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल बरंच असतं, आणि त्यातल्या बऱ्याच प्रोलिनला पेशी एकेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, चिकटवते. ही जोडी चिकटली नाही तर तिपेडी २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच सुटायला लागते. आपलं शरीर ३७ अंशांवर. म्हणजे पीळ बसायच्या आधीच उलगडला, आणि उलगडलेलं कोलॅजेन पेशी बाहेर पाठवतच नाही म्हटलं तरी चालेल. जोडी बसलेली असेल तर हीच तिपेडी ३९ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते.

जोडी चिकटवायचं काम करतं प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम, त्याच्या गाभ्यात लोहाचा एक आयन असतो, आणि काम करता करता तो अधूनमधून ऑक्सिडाइज होऊन अडकून बसतो, मग एन्झाइम बंद. त्याला पुन्हा पूर्वस्थितीत आणतं व्हिटॅमिन सी. म्हणजे व्हिटॅमिन सी नाही तर चालू एन्झाइम नाही, एन्झाइम नाही तर जोडी नाही, जोडी नाही तर पीळ नाही, आणि पीळ नाही तर टाके कितीही सुबक घातले तरी खाली धरून ठेवणारं काही नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं उदाहरण वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. १७४० ते १७४४ या काळात ब्रिटिश आरमाराचा कमोडोर अॅन्सन जगप्रदक्षिणेला निघाला, जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा आजार, पसरला, आणि त्या प्रवासाच्या वृत्तांतात नोंद आहे की एका म्हाताऱ्या खलाशाच्या १६९० च्या लढाईतल्या जखमा, ज्या पन्नास वर्षांपूर्वी भरून आल्या होत्या, त्या पुन्हा उघडल्या. भरलेला व्रणसुद्धा शरीर सतत मोडत आणि पुन्हा बांधत असतं, बांधणं थांबलं की मोडणं एकटंच चालू राहतं. अर्थात रोज थोडी फळं-भाजी खाणाऱ्याला स्कर्व्ही होत नाही, आणि गरजेच्या वर गोळ्या गिळल्याने जखम दुप्पट वेगाने भरते असंही नाही. पण ऑपरेशननंतर ठरवून फळं बंद करण्यात काय अर्थ आहे? शंभर ग्रॅम काजूच्या बोंडात व्हिटॅमिन सी साधारण दोनशे मिलिग्रॅम, संत्र्यात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकं, आणि बोंडं आपण झाडाखाली कुजू देतो. पेरू, आवळा, शेवग्याचा पालाही चांगला. (कोकम आंबट असतं ते मुख्यतः वेगळ्या आम्लामुळे, त्यामुळे सोलकढी जरूर प्या पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.)

आता पू. पू होतो तो जखमेत जंतू वाढल्यामुळे, मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा तो राडा असतो. कैरी जाते पोटात, आणि पोटातलं स्वतःचं आम्ल कुठल्याही कैरीपेक्षा कितीतरी जास्त तीव्र असतं, तिथून आंबटपणा उठून मानेतल्या टाक्यांपर्यंत जायला वाटच नाही. माशांचंही तेच, बांगडा, पेडवे, सौंदाळे यातूनच ते अमिनो आम्लांचं सामान मिळतं. कोळंबीची अॅलर्जी असेल त्याने ती खाऊ नये, किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. खारवलेलं सुकं, पापड, लोणचं मात्र पहिले काही आठवडे खरंच कमी करा, कारण मिठाने शरीरात पाणी साठतं आणि सूज उतरायला वेळ लागतो. आणि ते महागडे कोलॅजेन पावडरचे डबे, ज्यांची जाहिरात बघून हल्ली सगळे विचारतात, त्यातलं कोलॅजेन आतड्यात तुकडे होऊनच रक्तात जातं, ते सरळ मानेवर जाऊन बसत नाही.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे टाके निघाले की झालं. टाके आठवड्या-दहा दिवसांत निघतात पण आठवड्यानंतर त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम तीन ते पाच टक्के असते, तीन आठवड्यांनी साधारण वीस टक्के, तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास, आणि शंभर टक्के कधीच होत नाही. सुरुवातीचं कोलॅजेन घाईत घातलेलं, तिसऱ्या प्रकारचं असतं, ते काढून पहिल्या प्रकारचं जाड कोलॅजेन घालायचं काम वर्षभर चालतं. म्हणून बाहेरून सगळं छान दिसत असलं तरी विहिरीची कळशी उचलणं, वाकून अंगण सारवणं, आंब्याच्या पेट्या हलवणं हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच.

मिश्रीबद्दल कळकळीने सांगायचंय कारण आपल्याकडच्या बायकांना ती तंबाखूत धरायचीच नसते. डॉक्टर विचारतात सिगरेट ओढता का, तंबाखू खाता का, आणि त्या खरेपणाने नाही म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. नेक लिफ्टमध्ये सुट्या केलेल्या कातडीला खालून रक्त मिळत नाही, कडेकडेने बारीक जाळीतून जेवढं पोचेल तेवढंच, आणि त्या वाटेचं शेवटचं टोक असतं कानामागे. तिथली कातडी काळी पडून मरायचा धोका तंबाखूने बराच वाढतो. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी आणि नंतरही मिश्री पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिल्या चोवीस तासांत मानेच्या एका बाजूला अचानक सूज, ठणका, श्वास घ्यायला जड असं झालं तर आत रक्त साठत असू शकतं, तेव्हा एक मिनिट न दवडता हॉस्पिटल. म्हणूनच लगेच गावी यायची घाई करू नये, रात्री-अपरात्री सर्जन कुठून आणणार? आणि पुढच्या दिवसांत निळे-हिरवे-पिवळे डाग मानेवरून छातीपर्यंत उतरले तर कुणाला बोलावून दृष्ट काढायची गरज नाही. सांडलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतं, त्यातल्या हिमोग्लोबिनचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं मग पिवळं बिलिरुबिन, दोन-तीन आठवड्यांत सगळं शोषलं जातं. मीठ-मोहऱ्या ओवाळल्याने तो वेग बदलत नाही, उलट त्या नादात खरी धोक्याची सूज अंगावर काढली जाते याची मला भीती वाटते.

कानाची पाळी आणि गालाचा खालचा भाग कित्येक आठवडे, कधी काही महिने बधिर राहतो, त्वचेकडे जाणारे बारीक चेतातंतू तुटलेले असतात आणि ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतात, त्यात मधेच मुंग्या येतात, खाज सुटते, ते बरं होण्याचंच लक्षण. तोवर गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही, भाजलेलं कळतच नाही आणि फोड आल्यावर समजतं. जड कुड्या घालायच्या असतील तर त्याही डॉक्टरांना विचारूनच, कारण पाळी ओढली गेली तरी दुखणार नाही.