इन्स्टॉलफेस्टचे नियम कुठून आले

कॉम्प्युटर क्लबने इन्स्टॉलफेस्ट, म्हणजे लोकांच्या मशीनवर लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा मेळावा, ठरवला की स्वयंसेवकांना एक यादी दिली जाते. बॅकअपची खात्री झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. मालकाची लेखी संमती घ्यायची. कीबोर्ड शक्यतो मालकाच्याच हातात राहू द्यायचा. जास्तीचे एक्स्टेंशन बोर्ड आणायचे. नव्या स्वयंसेवकाला ही कटकट वाटते, पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या काळातल्या खऱ्या अडचणीतून आली आहे. त्या अडचणी माहीत असल्या की नियम पाठ करावे लागत नाहीत.

वापरकर्त्यांनी एकत्र येऊन एकमेकांची अडचण सोडवायची ही रीत लिनक्सच्या कितीतरी आधीची. १९५५ मध्ये आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी ‘शेअर’ हा गट काढला आणि आपापले प्रोग्राम एकमेकांना द्यायला सुरुवात केली. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. तिथे लोक सुटे भाग जोडून घरी कॉम्प्युटर बनवण्याबद्दल बोलत होते. आपले यंत्र उचलून आणायचे आणि जाणकाराच्या शेजारी बसून ते चालू करायचे, हा इन्स्टॉलफेस्टचा गाभा अशा क्लबांमध्येच तयार झाला.

लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे लिनक्सची, घोषणा केली ती २५ ऑगस्ट १९९१ रोजी. सुरुवातीला ती मशीनवर चढवणे हे केवळ जाणत्यांचे काम होते. १९९२ मध्ये एसएलएस, जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि पुढच्याच महिन्यात डेबियन हे तयार संच आले, तेव्हा कुठे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि बाकीचे सॉफ्टवेअर एकत्र बांधून मिळू लागले. तेही फ्लॉप्यांवर. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावते, त्यामुळे पूर्ण संच दोन डझनांच्या आसपास जायचा. स्लॅकवेअरने फ्लॉप्यांचे गट पाडले होते: मूळ सिस्टिमसाठी ‘ए’, नेटवर्कसाठी ‘एन’, खिडक्यांच्या पडद्यासाठी ‘एक्स’. मोडेमवरून हे सगळे उतरवायला रात्रीच्या रात्री जायच्या आणि मधली एक फ्लॉपी खराब निघाली की काम तिथेच अडायचे. क्लबात मात्र त्याच फ्लॉपीची दुसरी प्रत कोणाकडे तरी असायचीच. या कार्यक्रमाचा पहिला उपयोग इतका साधा होता.

खरी भीती होती पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग पाडण्याची. बहुतेकांच्या हार्ड डिस्कवर डॉस किंवा विंडोज आधीच पूर्ण जागा व्यापून बसलेले असे. ते न पुसता जागा मोकळी करायची तर आधी डिफ्रॅग चालवून सगळा डेटा डिस्कच्या सुरुवातीला गोळा करायचा आणि मग ‘फिप्स’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने उरलेला भाग वेगळा काढायचा. डिफ्रॅगला वेळ लागायचा, म्हणून ते घरूनच करून या असे लोकांना सांगितले जाई. कोणी न करता आले तर एक टेबल तेवढा वेळ अडकून राहायचे. पार्टिशन टेबलमध्ये (डिस्कवरच्या भागांच्या नोंदीत) चूक झाली तर घरच्यांचे वर्षानुवर्षांचे काम हाती लागेनासे व्हायचे. बॅकअपचा आणि लेखी संमतीचा नियम इथून पक्का झाला. आजची साधने कितीतरी भरवशाची आहेत, तरी तो नियम सैल करावा असे मला अजिबात वाटत नाही.

ग्राफिक्सचीही तीच गत होती. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्सफ्री८६ या प्रोग्रामला मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता हाताने सांगावी लागे. भलतेच आकडे दिले तर काही जुने मॉनिटर बिघडूही शकत, म्हणून मॉनिटरची माहितीपुस्तिका सोबत आणा, अशी सूचना असे. अवजड सीआरटी मॉनिटर घेऊन माणसे यायची आणि प्रत्येकाला दोन-दोन प्लग लागायचे. एक्स्टेंशन बोर्डांची ओळ तेव्हाची.

सन २००० मध्ये आलेल्या नॉपिक्स या लिनक्स संचाने लाइव्ह सीडी लोकांपर्यंत नेली. हार्ड डिस्कला धक्का न लावता थेट सीडीवरून सिस्टिम चालवून पाहता येऊ लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू हा नवा लिनक्स संच आला. त्याच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने फुकट मिळत होत्या. आता इन्स्टॉलफेस्टची गरज संपली, असे बरेच जण तेव्हा म्हणू लागले. फ्लॉपी आणि मॉनिटर यांच्यापुरते ते बरोबर होते. पण याच काळात एक वेगळी अडचण ठळक झाली: स्वयंसेवक भराभर काम उरकून देत आणि मालक पहिल्याच अपडेटला घरी अडून बसे. कीबोर्ड मालकाकडे ठेवण्याचा आग्रह त्यासाठी आहे. वेळ दुप्पट लागतो. तो लागू द्यावा.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट (मान्यता नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी व्यवस्था) घरोघरी पोचले आणि जाणकाराची गरज पुन्हा भासू लागली. त्यात आता डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची भर पडली आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोजचे हे एन्क्रिप्शन, बिटलॉकर, आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून आणायला सांगणे, हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा निरोप.

वाय-फाय कार्डांचा एक जुना वादही आहे. बऱ्याच कार्डांना बंदिस्त फर्मवेअर लागते, म्हणजे कार्ड चालवणारे असे सॉफ्टवेअर ज्याचा कोड कंपनी उघड करत नाही. ते बसवून द्यावे का, यावर मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१९ मध्ये खास इन्स्टॉलफेस्टविषयीच लिहिले. ही तडजोड लपूनछपून होऊ नये, येणाऱ्याला तिची स्पष्ट जाणीव करून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेतले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच ठेवले. माझे मत असे की वाय-फाय चालू करून द्यावे आणि त्यासाठी काय बसवले तेही मालकाला सांगावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. काही अटींवर त्यानंतर वर्षभर सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय ठेवली गेली, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन वाटेत अडकली. अशा मशीनवर लिनक्स बसवा असे सांगणारी ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेल्या रिपेअर कॅफेच्या धर्तीवरच्या, एकत्र बसून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करण्याच्या जागांमध्येही आता इस्त्री आणि मिक्सरच्या शेजारी लॅपटॉप दिसू लागले आहेत.

आता येणारा माणूस छंद म्हणून येत नाही. त्याला आहे ते मशीन पुढेही वापरायचे असते. त्यामुळे संमतीच्या कागदावर आता आणखी काही प्रश्न हवेत: रोज कोणते सॉफ्टवेअर वापरता, प्रिंटर कोणता, कामासाठी लागणारे असे काही आहे का जे फक्त विंडोजवरच चालते? तसे काही निघाले आणि त्याला पर्याय सापडला नाही, तर त्या दिवशी लाइव्ह पेन ड्राइव्हवर सिस्टिम दाखवावी, पुढच्या बैठकीची तारीख द्यावी आणि डिस्क आहे तशी परत पाठवावी.