प्रमाणपत्र आधी, लिंडबर्ग नंतर

मे १९२७ मध्ये अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी विमानाने अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडल्यावरच अमेरिकी सरकारला विमाने तपासून प्रमाणित करण्याची जाग आली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. हवाई वाणिज्य कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही २० मे १९२६ रोजीच झाली होती आणि त्याखालील पहिले ‘टाइप सर्टिफिकेट’ (विमानाच्या नमुन्याची रचना तपासून दिलेले सरकारी प्रमाणपत्र) २९ मार्च १९२७ रोजी डेट्रॉइटच्या ‘बूल-व्हर्विल एअरस्टर’ या द्विपंखी विमानाला मिळाले होते. या कायद्याआधी पहिल्या महायुद्धातून उरलेली ‘जेनी’ ही लष्करी प्रशिक्षण विमाने स्वस्तात घेऊन वैमानिक कोणत्याही सरकारी तपासणीविना प्रवासी नेत असत. अपघातांमुळे लोकांचा विश्वास उडेल या चिंतेने विमान-उद्योगानेच या कायद्याचा आग्रह धरला होता, याचा विसर पडणे मला अन्यायकारक वाटते.