अश्व, वाजी, सैंधव: नावांतून उलगडणारा घोडा

आपल्या तोंडातला ‘घोडा’ ऋग्वेदात सापडत नाही. तिथे अश्व आहे, वाजी आहे, अर्वन् आहे. ‘घोटक’ संस्कृतात बराच नंतर आला, आणि बोलीत रुजला तो त्याचाच वंश. ‘अश्व’ मात्र फार जुना. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला ‘अस्प’ आणि लॅटिनमधला ‘एक्वुस’ हे त्याचे सख्खे भाऊ. पारशांच्या ‘जामास्प’ या नावात तो आजही ऐकू येतो.

त्याच्या जुनेपणाची खूण भारताबाहेर, तुर्कस्तानातल्या बोगाझकोयच्या मातीच्या पाट्यांवर मिळते. रथाचे घोडे कसे तयार करावेत हे त्यांवर सांगणारा किक्कुली हा मितान्नी राज्यातला अश्वशिक्षक, काळ सुमारे इ.स.पू. १४००. मजकूर तिथल्या हित्ती भाषेत, पण फेऱ्यांचे शब्द संस्कृताच्या जवळचे: ऐकवर्तन, तेरवर्तन, पंझवर्तन, सत्तवर्तन, म्हणजे एक, तीन, पाच, सात फेऱ्या! हे वाचताना अंगावर काटा येतो.

ऋग्वेदातल्या पहिल्या मंडलाचे १६२वे सूक्त यज्ञात बळी जाणाऱ्या घोड्याविषयी आहे. त्यात सुरी आहे, शिजणारे मांस आहे, आणि त्याच घोड्याला उद्देशून म्हटलेले ‘न वा उ एतन्म्रियसे न रिष्यसि’ही आहे: तू मरत नाहीस, तुला इजा होत नाही, सोप्या वाटांनी तू देवांकडे जातोस. मारणाऱ्यांनाच ही समजूत घालावी लागली, यात घोड्याविषयीची त्यांची माया मला दिसते.

बृहदारण्यक उपनिषदाची सुरुवातच यज्ञीय अश्वापासून होते; उषा हे त्याचे मस्तक. पुढे तर नावांचीच वाटणी आहे: हय होऊन त्याने देवांना वाहिले, वाजी होऊन गंधर्वांना, अर्वा होऊन असुरांना आणि अश्व होऊन माणसांना.

अमरकोशात घोड्याची तेरा नावे येतात. त्यातले ‘सैंधव’ म्हणजे सिंधुदेशाचा. चांगले घोडे वायव्येकडूनच येत; कौटिल्यही कांबोज, सैंधव, आरट्ट आणि वनायु इथल्या घोड्यांना उत्तम म्हणतो. मीठही सिंधकडचेच, म्हणून ‘सैंधव आण’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण झाले: जेवताना म्हटले तर मीठ, निघताना म्हटले तर घोडा.

महाराष्ट्रात ‘अश्व’ या नावाचा पुरावा जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या प्राकृत लेखात दुसऱ्या अश्वमेधाची नोंद आहे. तिथे अश्वाचा ‘अस’ झाला आहे, आणि दक्षिणा म्हणून रुप्याच्या अलंकारांनी सजवलेला एक घोडा दिला आहे.