खोडरबराला न जुमानणारी रेघ

1988 साली कॅनडातल्या टीव्हीवर एक निवडणूक जाहिरात लागत असे. टेबलावर नकाशा पसरलेला, दोन देशांचे वाटाघाटी करणारे समोरासमोर बसलेले. अमेरिकेचा माणूस म्हणतो, एकच रेघ बदलायची राहिली आहे. कोणती, असं विचारल्यावर तो खोडरबर उचलतो आणि कॅनडा-अमेरिकेची सीमाच पुसायला घेतो. जाहिरात विरोधी बाकांवरच्या लिबरल पक्षाची होती. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी आणि रोनाल्ड रेगन यांनी त्याच वर्षी 2 जानेवारीला मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या होत्या, आणि 21 नोव्हेंबरची निवडणूक जवळजवळ त्या एकाच प्रश्नावर लढली गेली. मल्रोनी जिंकले. 1 जानेवारी 1989 पासून करार लागू झाला आणि पुढच्या दहा वर्षांत बहुतेक मालावरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली.

जकात गेली की सीमाही गेली, हा समज आजही तितकाच घट्ट आहे. कराराचे समर्थक त्यावर आशा बांधतात, विरोधक त्याच समजापोटी घाबरतात. पण सीमा खरोखर किती पुसली गेली हे मोजता येतं, आणि ते मोजण्याची रीत मला फार आवडते.

यान टिनबर्खेन हे डच शास्त्रज्ञ मुळात भौतिकशास्त्राचे. लायडनला पॉल एरेनफेस्ट यांच्या हाताखाली शिकले, मग अर्थशास्त्राकडे वळले, आणि 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना राग्नार फ्रिश यांच्याबरोबर विभागून मिळालं. 1962 मध्ये त्यांनी देशादेशांतल्या व्यापाराचे आकडे एका साध्या सूत्रात बसवून पाहिले. दोन देशांच्या अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका त्यांचा आपसातला व्यापार जास्त, आणि त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितका तो कमी. शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम आठवला असेल. याला म्हणतातच व्यापाराचं गुरुत्व प्रारूप.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. भौतिकशास्त्रातला शब्द उसना घेतला की कोणत्याही गोष्टीला विज्ञानाचा दर्जा मिळतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. ‘ऊर्जा’ आणि ‘क्वांटम’ हे शब्द चिकटवून अंगठ्या, खडे आणि उपचार विकले जातात ते याच भरवशावर. टिनबर्खेन यांचं सूत्र नावामुळे टिकलं नाही. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या देशांच्या आकड्यांवर ते पुन्हा पुन्हा घासून पाहिलं गेलं, म्हणून टिकलं. न्यूटनच्या नियमात अंतराचा वर्ग येतो, इथे तसं नाही. 103 शोधनिबंधांतल्या 1,467 मोजमापांची सरासरी काढली तेव्हा असं दिसलं की अंतर 10 टक्क्यांनी वाढलं तर व्यापार सुमारे 9 टक्क्यांनी घटतो. जहाजं मोठी झाली, फोन स्वस्त झाले, इंटरनेट आलं, ‘आता अंतर संपलं’ अशा घोषणा झाल्या. तरी अंतराचा हा परिणाम कमी झालेला नाही.

आता सीमेकडे येऊ. ओंटारियो हा कॅनडाचा प्रांत. त्याच्यापासून कॅनडाचाच ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेचं कॅलिफोर्निया राज्य साधारण सारख्याच अंतरावर आहेत, पण कॅलिफोर्नियाची अर्थव्यवस्था ब्रिटिश कोलंबियाच्या दसपटीहून मोठी. सूत्राप्रमाणे ओंटारियोचा माल कॅलिफोर्नियाला दसपट जायला हवा. अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी 1988 च्या आकड्यांवर सगळ्या प्रांतांचा आणि अमेरिकी राज्यांचा असा हिशेब मांडला आणि 1995 मध्ये छापला. आकारमान आणि अंतर हिशेबात धरल्यावरही कॅनडाचे प्रांत आपसात जितका व्यापार करत होते, तो त्यांच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या 22 पट होता. ही सीमा भाषा, कायद्याची परंपरा आणि शेजारधर्म यांच्या दृष्टीने जगातल्या सर्वांत सौम्य सीमांपैकी एक. करार लागू व्हायचा होता हे खरं, पण मोटारींवरची जकात 1965 च्या वाहन करारानेच बव्हंशी गेली होती आणि बाकीचे दरही फार चढे नव्हते. करार लागू झाल्यानंतरचे, 1993 चे आकडे त्याच पद्धतीने तपासले तेव्हाही गुणोत्तर 16 च्या वर निघालं.

मग सीमा एवढी उंच भिंत आहे का? याचं उत्तर 2003 मध्ये जेम्स अँडरसन आणि एरिक व्हॅन विनकूप यांनी दिलं, आणि ते समजून घ्यायला थोडं गणित करावं लागेल.

समजा, एका लहान देशात 4 प्रांत आहेत आणि शेजारच्या मोठ्या देशात 96. शंभरही प्रांत सारख्याच आकाराचे. प्रत्येकजण 100 गाड्या माल पिकवतो आणि स्वतःसकट प्रत्येक प्रांताला एकेक गाडी विकतो. अंतर विसरा, सीमाही नाही. आता मध्ये सीमा आणा, आणि तिच्यामुळे पलीकडचा व्यापार 25 टक्क्यांनी घटतो असं धरा. लहान देशातला प्रांत पलीकडे 96 ऐवजी 72 गाड्या विकतो. उरलेल्या 24 गाड्या जाणार कुठे? घरच्याच 4 प्रांतांत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 1 ऐवजी 7 गाड्या. पलीकडच्या प्रत्येक प्रांताला मात्र पाऊण गाडी. 7 भागिले 0.75 केलं की गुणोत्तर 9 च्या वर जातं! व्यापार घटला फक्त एक चतुर्थांश, पण लहान देशातून पाहणाऱ्याला सीमा नऊपट दिसते.

तीच सीमा मोठ्या देशातून पाहा. तिथला प्रांत पलीकडे 4 ऐवजी 3 गाड्या विकतो. वाचलेली एक गाडी 96 जणांत वाटली जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथून गुणोत्तर जेमतेम 1.35. रेघ एकच, पण लहान शेजाऱ्याचं घर ती पार बदलून टाकते आणि मोठ्याला जाणवतही नाही. दोन प्रदेशांतला व्यापार त्यांच्यातल्या अडथळ्यावरच ठरत नाही. त्यांना बाकी जगाशी व्यापार करताना सरासरी किती अडथळा आहे, त्याच्या तुलनेत तो ठरतो. असा हिशेब करून या दोघांनी निष्कर्ष काढला की सीमेमुळे कॅनडा-अमेरिका व्यापार सुमारे 44 टक्के कमी होतो. 22 पट ऐकून डोळ्यांपुढे येते तेवढी भिंत नाही, पण जकातीने एवढी घट समजावता येत नाही हेही नक्की.

बाकीचा अडथळा चलनात आहे, वेगवेगळ्या मानकांत आहे, ओळखीच्या माणसाकडून माल घेण्याच्या सवयीत आहे. आणि काही अडथळा करारातूनच जन्माला येतो. मुक्त व्यापार करारात दोन्ही देश तिसऱ्या देशाच्या मालावर आपापली वेगळी जकात ठेवतात. मग तिसऱ्याचा माल कमी जकातीच्या दाराने आत येऊन शेजारी फुकट घुसू नये, म्हणून माल मूळचा कुठला हे सिद्ध करावं लागतं. 1 जुलै 2020 पासून लागू असलेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात मोटारीच्या किमतीचा 75 टक्के भाग या तीन देशांतलाच असावा लागतो. प्रत्येक सुट्या भागाचा दाखला, त्याच्या नोंदी, त्यांची तपासणी. 2024 मध्ये कॅनडातून अमेरिकेत गेलेल्या मालापैकी 40 टक्क्यांहून कमी मालाने या कराराची सवलत मागितली होती. बऱ्याच मालावर एरवीही जकात नव्हती किंवा नाममात्र होती, त्यामुळे कागदपत्रांपेक्षा ती भरणंच सोपं पडत होतं. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या बहुतेक मालावर 25 टक्के जकात बसवली आणि कराराच्या अटी पुऱ्या करणारा माल त्यातून वगळला. त्यानंतर तेच कारखानदार दाखले गोळा करायला लागले.

1989 च्या कराराची किंमत आणि फळ, दोन्ही कॅनडातच मोजलं गेलं. डॅनियल ट्रेफ्लर यांनी 2004 मध्ये दाखवलं की ज्या उद्योगांवरची कॅनडाची जकात सर्वांत जास्त घटली, तिथे रोजगार 12 टक्क्यांनी कमी झाला आणि कामगारांची उत्पादकता 15 टक्क्यांनी वाढली. हे दोन आकडे एकाच घटनेचे आहेत. कमी उत्पादक कारखाने आक्रसले, म्हणून सरासरी वर गेली. ज्यांची नोकरी त्या कारखान्यात होती, त्यांच्यापर्यंत ही सरासरी आपोआप पोहोचत नाही. त्यांच्यासाठी काय तरतूद करायची, हे गुरुत्वाचं सूत्र सांगत नाही. ते दोन्ही देशांच्या सरकारांना वेगळं ठरवावं लागतं.