लाल ठिपका आणि काळा डाग

उन्हाळ्यात नासाच्या 'फर्म्स' या आगी दाखवणाऱ्या नकाशावर कोकण उघडून पाहिलं की सह्याद्रीच्या उतारांवर लाल ठिपके दिसतात. लगेच कुणीतरी तो फोटो गटावर टाकतं, खाली लिहितं, 'बघा किती जंगल जळालं!' माझा जीव तुटतो तो इथे. उपग्रह डोक्यावरून गेला तेव्हा खाली काहीतरी तापलेलं होतं, एवढीच त्या ठिपक्याची साक्ष. किती जळालं ते त्याला विचारायचंच नसतं. ते जळलेल्या जमिनीचा काळा डाग सांगतो, आणि तो बघणारी नजर निराळी.

ठिपका देणारं, उपग्रहांवर बसवलेलं व्हीआयआरएस हे उपकरण चार मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांतून उष्णता टिपतं. त्याच्या चित्राचा एक चौकोन (पिक्सेल) 375 मीटर बाजूचा, म्हणजे 14 हेक्टर, जवळजवळ चौदाशे गुंठे! पण आगीची धग त्या किरणांत इतकी उठून दिसते की चौकोनाचा लहानसा कोपरा पेटला तरी अख्खा चौकोन लाल होतो. म्हणून ठिपके मोजून त्यांना 35 एकरांनी गुणणं साफ चूक.

उलटही घडतं. हे उपग्रह दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. राब, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा, मात्र बहुधा वारा पडलेला असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भाजतात. शेण, त्यावर कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), मग पातेरा आणि गवत, आणि राख उडू नये म्हणून वरून बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं की आग पुढे धावत नाही, जागच्या जागी धुमसते. जमीन तापून तणाचं बी मरतं, हे तिचं खरं काम. अशी दबलेली आग दुपारपर्यंत विझली तर नकाशावर उमटतच नाही. डोंगरावरचा गवताचा वणवा मात्र भर दुपारी पेटलेला असला की सहज सापडतो.

आता काळा डाग. तो शोधायला युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं चांगली. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. हिरवं पान दृश्य प्रकाशाच्या जवळचे अवरक्त किरण भरपूर परतवतं. जळल्यावर ते घटतात, आणि पाणी आटल्यामुळे लघुलहरी अवरक्त किरण वाढतात. आधीचं आणि नंतरचं चित्र घेऊन हा फरक काढला की एकर मोजता येतात. इथे दहा मीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. लघुलहरी किरणांसाठी तो वीस मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. एक एकर लावणीला तरवाही (भाताची रोपं) साधारण चार गुंठेच लागतो! एवढ्या तरव्याचा राब म्हणजे चित्रात जेमतेम एक चौकोन, तोही बांधावरच्या हिरव्या झाडांत मिसळलेला. वणव्याचा डाग मात्र उतारावर वाकडातिकडा पसरतो, त्याला बांध अडवत नाही. आकार पाहूनच पुष्कळदा दोन्ही ओळखू येतात.

डागही फसवतो. ढगाची सावली, नुकतं नांगरलेलं रान, सड्यावरचा काळा कातळ, सगळं वरून जळल्यासारखं दिसू शकतं. म्हणून एकट्या चित्रावर विसंबू नये. त्याच जागी त्याच आठवड्यात ठिपकाही पडला असेल, तर डाग आगीचाच धरायला हरकत नाही. ठिपक्याकडून तारीख घ्यावी, डागाकडून क्षेत्रफळ. ठिपका पडलाच नसेल तर मात्र गावात फोन करून विचारावं. राब कधी भाजला हे तिथे कुणीही सांगेल.

डाग टिकतोही थोडाच. जूनमध्ये ढग दाटले की सेंटिनेलला कोकण क्वचितच दिसतं. नंतर उघडीप मिळून एखादं स्वच्छ चित्र हाती येतं, तेव्हा काळ्या चौकोनात तरवा टरारून आलेला असतो.