वीजमीटरला घरातले काय काय कळते?

महाराष्ट्रात घरोघरी नवे टीओडी (टाइम ऑफ डे), म्हणजे वीज केव्हा वापरली हेही नोंदवणारे स्मार्ट मीटर बसू लागल्यापासून बहुतेक वाद एकाच प्रश्नावर होत आहेत: हा मीटर पळतो का आणि बिल वाढेल का? प्रश्न रास्त आहे. पण या मीटरने खरा बदल घडवला आहे तो नोंदींच्या संख्येत. पूर्वी रीडिंग महिन्यातून एकदा घेतले जात असे. नवा मीटर दर पंधरा मिनिटांनी वा अर्ध्या तासाने वापर टिपतो आणि त्या नोंदी मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओ लहरींद्वारे वीजकंपनीच्या यंत्रणेकडे पाठवतो. पंधरा मिनिटांचा हिशेब धरला, तर दिवसाला ९६ आणि तीस दिवसांत २,८८० आकडे जमा होतात.

या आकड्यांतून घरातले काय दिसते, हे उपकरणावर अवलंबून असते. दोन किलोवॉटचा गिझर पाव तास चालला, तर त्या एकाच नोंदीत अर्धा युनिट चढतो आणि पहाटेच्या सपाट आलेखावर हा सुळका सहज उठून दिसतो. सहाशे वॉटचा मिक्सर मात्र चटणीपुरता तीन मिनिटे फिरला, तर जेमतेम ०.०३ युनिट खातो, आणि तो फ्रीज-पंख्यांच्या वापरात बुडून जातो. म्हणजे चटणी गुप्त राहते. घरातली माणसे किती वाजता उठतात, दुपारी घरी कोणी असते का आणि गेला आठवडा घर बंद होते का, हे मात्र राहत नाही. हीच मोजणी दर सेकंदाला केली, तर एकेका उपकरणाच्या चालू-बंद होण्याची विशिष्ट उडी वेगळी काढता येते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि तिचा उपयोग पाळतीसाठी होऊ शकतो, असा इशाराही १९८९मध्ये त्यांनीच दिला.

नेदरलँड्सच्या सिनेटने स्मार्ट मीटरची सक्ती २००९मध्ये खासगीपणाच्याच मुद्द्यावर रोखली. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८मध्ये अशा पंधरा मिनिटांच्या नोंदींना घराची झडती मानले. तथापि त्या वीजव्यवस्थेसाठी घेतल्या जात असल्याने ही झडती वाजवी ठरवली आणि मोजणीचा कालावधी याहून कमी केला, तर निकाल वेगळा लागू शकेल, असेही बजावले.

या मीटरचे फायदे खोटे नाहीत. दिवसा वापरलेल्या विजेवर सवलत द्यायची, तर वीज केव्हा वापरली हे कळायलाच हवे. परंतु त्यासाठी २,८८० आकडे घराबाहेर जाण्याची गरज नाही; कोणत्या वेळपट्ट्यात किती युनिट जळले याची बेरीज मीटर स्वतःच ठेवू शकतो, आणि बिलासाठी महिनाअखेरीस त्या चार-पाच बेरजा पुरतात. रोहित्रावर किती भार येतो, हे रोहित्रावरच मीटर लावून समजते. वीजचोरी पकडण्यासाठी एखाद्या घराचा तपशील लागेलही, पण तो संशय आल्यावर मागवता येतो. सरसकट साऱ्यांचा साठवण्याचे ते कारण होऊ शकत नाही, असे मला वाटते.

आपल्याकडे हे मीटर बसवण्याचे आणि त्यांची यंत्रणा चालवण्याचे काम खासगी कंत्राटदारांकडे आहे. त्यामुळे सविस्तर नोंदी किती महिने ठेवल्या जातात, कंत्राटदाराच्या कोणत्या कर्मचाऱ्याला त्या घरनिहाय दिसतात आणि कंत्राट संपल्यावर त्यांचे काय होते, ही विचारणा मीटर बसवायला आलेल्या माणसाकडे नव्हे, तर वीजकंपनीकडे आणि दर ठरवणाऱ्या नियामक आयोगाकडे लेखी करायला हवी.